जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रक्ताची पिशवी: निदानापासून घरी परतेपर्यंत नातेवाइकांनी काय करायचं

मिरजेत एका रक्तपेढीच्या खिडकीमागं मी एकवीस वर्षं काम केलं. जतहून, आटपाडीहून, पलीकडं अथणी-कागवाडकडून आलेली माणसं हातात चिठ्ठी घेऊन त्या खिडकीशी उभी राहायची. जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन असलं की एक वाक्य हमखास कानावर यायचं. “ताई, दोनच लिहिल्यात, पण चार मिळत्याल का? आबा लई खंगल्यात, जरा ताकद यील.”

बापासाठी आपल्याला काहीतरी करता यावं, ही त्या पोराची तळमळ मला कळायची. पण ताकद पिशवीत नसते. पिशवीत दुसऱ्या माणसाच्या तांबड्या पेशी असतात, त्या प्राणवायू वाहून नेतात. रक्त हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, वेळ आहे आणि दुष्परिणामही आहेत. जठराच्या ऑपरेशनला किती पिशव्या लागतील हे बऱ्याच अंशी आधीच्या सहा-आठ आठवड्यांत ठरतं. त्या आठवड्यांत पेशंट घरीच असतो, म्हणून हा लेख घरच्या माणसांसाठी आहे.

हे मीही उशिराच शिकले. आमचे थोरले चुलते, अण्णा, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतात. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्यांना बांधावर चढतानाही दम लागायला लागला. वय झालं, असं सगळे म्हणाले. टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी हिमोग्लोबिन तपासलं तर ६.८. पुढं एंडोस्कोपी झाली आणि जठरात गाठ निघाली. रोज रक्ताच्या पिशव्या हाताळणाऱ्या मला दोन महिने साधी रक्ततपासणी सुचली नव्हती, याचं वाईट अजून वाटतं.

रक्त चढवणं आणि ऑपरेशननंतरची तब्येत

आधी हा संबंध नीट समजून घ्या, म्हणजे पुढची धडपड कशासाठी ते कळेल.

१९७३ साली एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. किडनी बदलण्याआधी ज्यांना रक्त चढवलं होतं, त्यांच्या शरीरानं नवी किडनी जास्त चांगली स्वीकारली. म्हणजे परक्या रक्तानं त्यांची प्रतिकारशक्ती थोडी दबली होती. किडनीसाठी हे बरंच झालं. पण १९८० नंतर डॉक्टरांना प्रश्न पडला: कॅन्सरच्या पेशंटची प्रतिकारशक्ती अशीच दबली तर? उरलेल्या कॅन्सरपेशी आणि जंतू यांच्याशी लढायचं कोणी?

तेव्हापासून जपान, कोरिया, चीन, युरोप इथल्या जठर-कॅन्सरच्या पेशंटच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसलं. ऑपरेशनच्या आगेमागे ज्यांना रक्त लागलं, त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि इतर गुंतागुंत जास्त होती, आणि पुढची वर्षंही सरासरीनं कमी मिळाली.

इथं घाबरून जाऊ नका. ज्याला रक्त लागतं तो पेशंट बहुधा आधीच जास्त आजारी असतो. गाठ मोठी, वय जास्त, अंगात रक्त कमी, ऑपरेशन लांबलेलं. मग वाईट परिणाम रक्तामुळं झाला की या सगळ्यामुळं? नुसत्या नोंदींवरून हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. आणि गरज असलेल्या माणसाला मुद्दाम रक्त न देता काय होतं ते बघण्याचा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. म्हणून शहाणपणाचा मार्ग एवढाच: रक्ताची गरज कमी होईल असं आधीपासून वागायचं, आणि गरज पडलीच तर क्षणभरही अडवायचं नाही. कुठंतरी अर्धवट वाचून “आमच्या माणसाला रक्त देऊ नका” म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. ऑपरेशनमध्ये मोठी शीर सुटली तर पिशवीच जीव वाचवते.

पहिली पायरी: निदान झालं त्याच आठवड्यात रक्ताचा पूर्ण हिशेब

बायोप्सी आणि सीटी स्कॅनच्या धावपळीत हिमोग्लोबिनचा आकडा कागदावर येतो आणि तिथंच राहतो. तो का कमी आहे, हे विचारा. जठराच्या कॅन्सरमध्ये तीन कारणं एकत्र असू शकतात: गाठीतून थेंब थेंब होणारा रक्तस्राव, भूक मेल्यानं पोटात न जाणारं अन्न, आणि आजाराच्या दाहामुळं अंगात असलेलं लोहही वापरता न येणं.

डॉक्टरांना सांगून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते), बी-१२ आणि फॉलिक अॅसिड करून घ्या. फेरिटिन म्हणजे लोहाचं कोठार. ते ३० च्या खाली असेल तर कोठार रिकामं, यात शंका नाही. पण कॅन्सरमध्ये दाहामुळं हा आकडा खोटा वर चढतो. म्हणून फेरिटिन १०० च्या आत आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तरीही लोहाची कमतरता धरतात. “फेरिटिन नॉर्मल आहे” एवढ्यावर समाधान मानू नका.

शीकडंही लक्ष ठेवा. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे वरच्या पोटातून रक्त जातंय. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट-हिरवी होते आणि घरचे गोंधळतात. गोळीची शी सहसा चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. शंका आली तर स्वतः ठरवत बसू नका, दवाखाना गाठा. उलटीत रक्त आलं, चक्कर आली, हातपाय गार पडले तर सरळ १०८ ला फोन करा.

दुसरी पायरी: लोह, वेळेत आणि योग्य वाटेनं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त इथंच आहे.

एक हिशेब मांडते. डॉक्टर लोहाची तूट अशी काढतात: वजन किलोमध्ये, गुणिले हवं असलेलं हिमोग्लोबिन वजा आत्ताचं, गुणिले २.४, आणि त्यात कोठारासाठी ५०० मिळवायचे. पेशंट ५० किलोचा, हिमोग्लोबिन ८, आणि हवं असलेलं १५ धरलं, तर ५० गुणिले ७ म्हणजे ३५०, गुणिले २.४ म्हणजे ८४०, आणि ५०० मिळून १३४० मिलिग्रॅम. आता १०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून अंगी लागतं साधारण १० मिलिग्रॅम, आजारात त्याहूनही कमी. नुसत्या गोळ्यांनी ही तूट भरायला चार महिन्यांहून जास्त लागतील. ऑपरेशन तर दीड-दोन महिन्यांवर आलेलं असतं.

म्हणून हिमोग्लोबिन बरंच कमी असेल आणि दिवस थोडे असतील तर “शिरेतून लोह देता येईल का?” असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दोन औषधं जास्त वापरात आहेत. आयर्न सुक्रोज स्वस्त, पण एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, म्हणजे सहा-सात फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज महाग, पण एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं आणि पंधरा मिनिटं ते अर्धा तास पुरतो. आटपाडीहून सांगलीला सहा वेळा एसटीनं येण्याचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि पेशंटची दमछाक धरली, तर महाग औषध कधी कधी स्वस्त पडतं. हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा असतो. हे इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं, कारण क्वचित अॅलर्जी येते. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना देत नाहीत.

लोहानं सगळं साधतं असंही नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी शिरेतून लोह देऊन पाहण्याचा ब्रिटनमधला एक मोठा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्त चढवण्याची गरज कमी झालेली दिसली नाही. पेशंटची हिमोग्लोबिनं वाढली, पुन्हा दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण घटलं, पण पिशव्या घटल्या नाहीत. माझं मत असं, की ज्याची लोहाची तूट तपासणीत दिसली आहे आणि ज्याच्याकडं निदान तीन आठवडे आहेत, त्यानं हे जरूर करावं. तूटच नसेल तर लोह घेऊन उपयोग नाही.

गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर घेऊ नका. आपल्याकडं सकाळची गोळी चहाच्या घोटाबरोबरच जाते, आणि चहा लोह शोषू देत नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तशीच. मध्ये दोन तास जाऊ द्या. लिंबू चालतं का ते विचारा, कारण काहींना त्यानं जळजळतं. आम्लपित्ताच्या गोळ्या लोहाचं शोषण कमी करतात, पण त्या मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा. बीट, खजूर, डाळिंब जरूर द्या. मात्र महिनाभर बीटचा रस पाजून ६.८ चं ११ होईल अशा आशेवर बसू नका. अंडी, मटणाचा रस्सा, मऊ शिजवलेली डाळ, जे पचेल ते थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या.

हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कॅन्सर बरा करण्यासाठी उपचार चालू असताना ते सहसा टाळतात. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि गाठ वाढण्याचा धोका त्यामागं आहे.

तिसरी पायरी: केमो आधी असेल तर तो काळ वाया घालवू नका

आज बऱ्याच पेशंटना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करतात. फ्लॉट नावाच्या पद्धतीत दर दोन आठवड्यांनी एक अशा चार फेऱ्या आधी आणि चार नंतर असतात. आधीच्या चार फेऱ्या आणि मधली विश्रांती धरली तर जवळपास तीन महिने हातात येतात. केमोनं हिमोग्लोबिन घसरतं, म्हणून प्रत्येक फेरीआधीच्या सीबीसीचा आकडा वहीत लिहा: तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन. शेवटच्या फेरीनंतर फेरिटिन पुन्हा बघायला सांगा. ऑपरेशनच्या चार दिवस आधी “रक्त कमी आहे, दोन पिशव्या आणा” असं ऐकायला लागू नये, यासाठी ही वही. अण्णांची वही काकू ठेवायची, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांवर.

चौथी पायरी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांची यादी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही द्या. कुठली, किती दिवस आधी थांबवायची ते तेच सांगतील. हृदयात स्टेंट असेल तर मनानं काहीही बंद करू नका. गुडघेदुखीसाठी गावातून आणलेल्या गोळ्या, कशाची ते माहीत नसलेली पुडी, हेही लपवू नका. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरातून रक्त जातं, हे आपल्या भागात अजून पुरेसं कळलेलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड वापरायचं का, दुर्बिणीतून करायचं का, हे सर्जनवर सोडा. विचारायला मात्र हरकत नाही.

पाचवी पायरी: रक्तदाते आणि कागदपत्रं

ऑपरेशनच्या आठ-दहा दिवस आधी सर्जनना विचारा, “किती पिशव्या राखून ठेवायच्या?” राखून ठेवणं आणि चढवणं या वेगळ्या गोष्टी. दोन राखल्या आणि एकही लागली नाही, तर तो आनंदाचा दिवस. रक्तपेढी ती पिशवी दुसऱ्या कुणाला देते.

मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि साठा आटतो. दिवाळीतही तेच. दुर्मीळ गट असेल तर आधी चौकशी करा. केंद्र सरकारच्या ई-रक्तकोष संकेतस्थळावर कुठल्या रक्तपेढीत कुठला गट आहे ते दिसतं, पण निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

दाता १८ ते ६५ वर्षांचा, निदान ४५ किलो वजनाचा, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असलेला हवा. पुरुषानं मागच्या रक्तदानानंतर ९० दिवस, बाईनं १२० दिवस थांबलेलं असावं. रात्री ऊस तोडून उपाशी आलेल्या माणसाला खुर्चीवर बसवू नका. आधी जेवू द्या, झोपू द्या.

खिडकीवर रोज येणारा हट्ट म्हणजे “माझंच रक्त माझ्या वडिलांना द्या.” भावना मोलाची आहे. पण सख्ख्या नात्यातलं रक्त थेट त्याच पेशंटला देणं टाळतात. नात्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथं टिकतात आणि त्याच्यावरच उलटू शकतात. हे फार क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीव घेतं. म्हणून मुलानं रक्त जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांना जाईल, आणि त्याच्या वडिलांना परक्या माणसाचं मिळेल.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्याला जवळ करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री देशात बंद आहे. रक्तपेढी घेते ते तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क, त्याची पावती मागा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर रक्ताचा खर्च पॅकेजमध्ये कसा धरलाय ते भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारून ठेवा.

सहावी पायरी: पिशवी आणताना आणि चढवताना

क्रॉसमॅचचा, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटला जुळतं का ते बघण्याचा, नमुना पेशंटच्या खाटेपाशीच काढायचा आणि नळीवर नाव, इनडोअर नंबर तिथंच लिहायचा. चुकीचं रक्त जाण्याच्या घटनांमागं बहुतेक वेळा नावांची अदलाबदल असते. एकाच वॉर्डात दोन पाटील, दोन शिंदे असणं आपल्याकडं नवीन नाही. नर्स नाव विचारते तेव्हा “अहो, मघाशी सांगितलं की” म्हणून चिडू नका. पूर्ण नाव पुन्हा सांगा.

पिशवी थंड पेटीतूनच आणा आणि थेट वॉर्डात द्या. वाटेत चहाला थांबू नका, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ठेवलेल्या असतात. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू झाल्या नाहीत तर परत शीतकपाटात जायला हव्यात, आणि सुरू झाल्यावर चार तासांत संपायला हव्यात. गार आहे म्हणून गरम पाण्यात बुडवणं किंवा काखेत धरणं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं पेशी फुटतात, जंतूही वाढू शकतात. असं करू नका, कुणी करत असेल तर थांबवा.

पेशंट स्थिर असेल, रक्त वाहत नसेल, तर आज जगभर हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्ताचा विचार करतात. हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. एक पिशवी साधारण १ ग्रॅमनं हिमोग्लोबिन वाढवते. म्हणून ९ असताना “दहा करून घेऊया” असा आग्रह धरू नका. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “साहेब, एक देऊन पुन्हा तपासून मग दुसरी ठरवूया का?” चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. रक्तस्राव चालू असताना मात्र आकडा बघत बसत नाहीत.

पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलू नका. थंडी वाजणं, ताप, अंगावर गांधी, छातीत किंवा कमरेत दुखणं, दम लागणं, लघवी लाल होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच नर्सला हाक मारा. म्हाताऱ्या किंवा हृदय कमजोर असलेल्या माणसाला पिशवी भरभर गेली तर फुप्फुसात पाणी साठतं. “लवकर संपवा, आम्हाला जायचंय” असं कधीच म्हणू नका.

सातवी पायरी: ऑपरेशननंतर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन थोडं उतरतं, त्यात सलाईननं रक्त पातळ झाल्याचाही भाग असतो. नाडी जलद, रक्तदाब खाली, नळीतून लालभडक रक्त, ही वेगळी आणि तातडीची गोष्ट.

पेशंट स्थिर असून हिमोग्लोबिन ७ ते १० च्या मध्ये अडकलं असेल तर पुन्हा शिरेतून लोहाचा विचार करायला सांगा. दक्षिण कोरियात सात रुग्णालयांत ४५४ पेशंटवर असा प्रयोग झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. बारा आठवड्यांनी लोह मिळालेल्यांपैकी ९२.२ टक्के लोकांचं हिमोग्लोबिन अपेक्षेइतकं वाढलं, नुसतं सलाईन मिळालेल्यांत ५४ टक्के. आपल्याला हवा तो पेशंट अगदी हाच आहे, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

घरी परतल्यावर

जठर काढलं की बी-१२ शोषायला लागणारा घटकच तयार होत नाही. पूर्ण जठर काढलेल्या माणसाला बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर घ्यावं लागतं, बहुधा महिन्याला किंवा तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तसं. यकृतात साठा असतो, त्यामुळं वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही आणि माणसं इंजेक्शन सोडून देतात. मग हातापायाला मुंग्या, चालताना झोक जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो. नसांचं ते नुकसान उशीर झाला तर भरून येत नाही. अर्धं जठर राहिलं असेल तरी बी-१२ आणि फेरिटिन ठरावीक काळानं तपासत राहा. लोह तर त्याआधीच कमी पडायला लागतं.

अण्णांच्या कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला काकू लाल पेनानं एक टिंब देते. त्या दिवशी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, आणि आल्यावर टिंबाभोवती गोल करायचा. ऑपरेशनला तीन वर्षं झाली, एकही टिंब गोलाशिवाय राहिलेलं नाही.